थ्रीडी चित्र स्वच्छ दिसण्यासाठी: कोकणातल्या छोट्या सभागृहांसाठी सविस्तर मार्गदर्शक

गावचं वाचनालय, शाळेचं सभागृह किंवा पर्यटकांसाठीची माहिती-खोली, अशा जागी दोन प्रोजेक्टर (प्रत्येक डोळ्याच्या चित्रासाठी एक), पोलरायझर फिल्टर (ठरावीक प्रकारे कंप पावणाराच प्रकाश पुढे सोडणारी फिल्म) आणि तशाच फिल्मचे, बॅटरी न लागणारे साधे पॅसिव्ह चष्मे वापरून उत्तम थ्रीडी दाखवता येतं. कातळशिल्पं, जलदुर्ग, खारफुटी, समुद्राखालची प्रवाळं असं दाखवण्याजोगं आपल्याकडे भरपूर आहे. अडतं ते चित्राच्या दर्जापाशी. कडा दुहेरी दिसतात, डोळे दुखतात, आणि लोक पाच मिनिटांत चष्मा काढून ठेवतात. मग महागडा फोर-के प्रोजेक्टर घ्यायचा विचार सुरू होतो. माझं ठाम मत आहे की तो पैसा चुकीच्या जागी जातो.

१८३८ मध्ये चार्ल्स व्हीटस्टन यांनी स्टिरिओस्कोप, म्हणजे दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवणारं उपकरण, लोकांसमोर मांडला, तेव्हा त्यात छायाचित्रं नव्हतीच. नुसत्या रेघांच्या आकृत्या होत्या, तरी त्या घन दिसल्या. चित्रातली खोली, म्हणजे जवळ-दूरपणाचा भास, दोन चित्रांमधल्या फरकातून तयार होते, बारीक तपशील नंतरचा. म्हणून सगळी मेहनत दोन गोष्टींवर हवी: डाव्या डोळ्याचं चित्र उजव्या डोळ्यात गळता कामा नये, आणि हवा तेवढा आडवा फरक सोडला तर दोन्ही चित्रं बाकी सगळ्या बाबतींत तंतोतंत सारखी असली पाहिजेत. खालची प्रत्येक पायरी यातल्या कशासाठी तरी आहे.

प्रोजेक्टर

दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, शक्यतो एकाच वेळी घेतलेले. वेगळ्या मॉडेलचे प्रोजेक्टर चित्रावर प्रक्रिया करायला कमीजास्त वेळ घेतात. हलत्या दृश्यात एका डोळ्याला चित्र एक फ्रेम उशिरा पोचलं की धावणारी होडी उगाच पुढे किंवा मागे सरकल्यासारखी दिसते. दोन्ही केबल एकाच ग्राफिक्स कार्डमधून काढाव्यात, त्यामागचं कारण हेच.

डीएलपी (बारीक आरशांनी चित्र बनवणारा) प्रकार निवडावा. बऱ्याच एलसीडी प्रोजेक्टरांतून येणारा प्रकाश आधीच पोलराइझ झालेला असतो आणि हिरव्याची दिशा लाल-निळ्यापेक्षा वेगळी असते. विकत घेण्याआधी दुकानातच तपासता येतं. पांढरं चित्र लावायचं आणि लेन्ससमोर पोलरायझरचा तुकडा धरून गोल फिरवायचा. पडद्यावर हिरवा आणि जांभळट रंग आलटूनपालटून आला, तर तो प्रोजेक्टर या कामाचा नाही.

पडदा: इथे घाई करू नका

पांढऱ्या भिंतीवर किंवा नेहमीच्या पांढऱ्या पडद्यावर पोलराइझ्ड प्रकाश पडला की तो आत-बाहेर विखुरतो आणि त्याचं पोलरायझेशन नाहीसं होतं. मग चष्मा कितीही चांगला असो, दोन्ही डोळ्यांना दोन्ही चित्रं दिसणार. धातूचा पृष्ठभाग मात्र पोलरायझेशन टिकवतो, म्हणून चंदेरी पडदा लागतो.

तयार चंदेरी पडदा मिळतो, पण तो गुंडाळून कोकणापर्यंत आणताना पडलेली घडी कायमची राहते. त्यापेक्षा इथेच बनवावा. दुकानांच्या दर्शनी भागाला लावतात ती एसीपी (अॅल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेल) शीट आठ बाय चार फुटांची, म्हणजे २.४४ बाय १.२२ मीटरची मिळते. १६:९ चं चित्र त्यावर २.१७ मीटर रुंद बसतं, तेही बिनजोड. चाळीस-पन्नास प्रेक्षकांना एवढं पुरतं. प्लायवूड टाळा, पहिल्याच पावसाळ्यात ते फुगतं.

शीट मागून अॅल्युमिनियमच्या चौकटीवर कसून घ्यावी. पुढचा भाग चारशे नंबरच्या पाणकागदाने घासावा, वर प्रायमर मारावा. त्यावर अॅल्युमिनियम पेंट ब्रशने मारू नका, ब्रशच्या रेघा थ्रीडीत ठळक दिसतात. गाड्या रंगवणाऱ्या पेंटरकडून स्प्रेने पातळ हात मारून घ्यावेत. धातूची भुकटी तळाशी बसते, म्हणून रंग सतत ढवळत राहायला सांगा. वर चकचकीत वॉर्निश नको.

पूर्ण शीट रंगवण्याआधी एक फूटभर तुकडा रंगवून वाळू द्या. अंधारात टॉर्चसमोर फिल्टर धरून त्यावर प्रकाश टाका आणि चष्म्याच्या एकेका काचेतून पाहा. एका काचेतून उजळ आणि दुसरीतून जवळपास काळं दिसलं तर रंग चांगला. दुसरीतून राखाडी दिसला तर रंग बदला.

चंदेरी पडदा प्रकाश आरशासारखा एका दिशेला जास्त परत पाठवतो, त्यामुळे मध्ये उजळ डाग पडतो आणि कडेला बसणाऱ्यांना चित्र मंद दिसतं. खुर्च्या मधल्या पट्ट्यात, पडद्याच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना साधारण ३० अंशांच्या आत मांडाव्यात. पहिली रांग साडेतीन मीटरवर, शेवटची सातच्या आत. प्रोजेक्टर उंचावर असतील तर पडद्याचा वरचा काठ किंचित मागे झुकवा, म्हणजे परतणारा प्रकाश जमिनीवर न पडता प्रेक्षकांच्या डोळ्यांकडे जाईल. मात्र किती झुकवला ते मोजून ठेवा, जुळवणीत लागतं.

फिल्टर आणि चष्मे

लिनिअर (प्रकाशाचं कंपन एका सरळ रेषेत ठेवणारे) की सर्क्युलर (ते गोल फिरतं ठेवणारे)? लिनिअर स्वस्त असतात आणि मान सरळ असेल तर त्यांची गळती फार कमी असते. पण मान कलली की संपलं. आदर्श फिल्टर धरले तरी गळती कलण्याच्या कोनाच्या साइनच्या वर्गाइतकी असते: ५ अंशांना ०.८ टक्के, १० अंशांना ३ टक्के. लहान मुलं ताठ बसत नाहीत आणि बसूही नयेत. शाळेसाठी सर्क्युलरच घ्या.

चष्मे कुठले आहेत ते आरशात कळतं. चष्मा घाला, एक डोळा मिटा, आरशात पाहा. उघड्या डोळ्यासमोरची काच काळी दिसली तर चष्मा सर्क्युलर, मिटलेल्या डोळ्यासमोरची काळी दिसली तर लिनिअर. फिल्टर एका प्रकारचे आणि चष्मे दुसऱ्या प्रकारचे अशी सरमिसळ झाली तर पुढची सगळी मेहनत वाया जाईल, म्हणून माल हातात आल्याबरोबर ही तपासणी करावी.

सर्क्युलर फिल्टरला पुढची आणि मागची बाजू असते. उलटा लावला तर त्यातून लिनिअर प्रकाशच बाहेर पडतो. डाव्या प्रोजेक्टरवर पांढरं चित्र ठेवून उजव्या काचेतून पाहायचं. फिल्टर पालटून ज्या बाजूने पडदा जास्त काळा दिसेल ती बाजू बरोबर. मग फिल्टर जागच्या जागी थोडा फिरवून पाहा, उरलेली निळसर-जांभळट झाकही कमी होते. लिनिअर फिल्टरमध्ये तर हे फिरवणंच मुख्य काम आहे.

फिल्टर लेन्सला चिकटवू नका. दहा सेंटिमीटर पुढे, स्वतंत्र स्टँडवर, हवा खेळेल असा ठेवा. अर्ध्याहून जास्त प्रकाश तो स्वतःत शोषतो आणि तापतो. फिल्म तापून वाकली की मधोमध गळती वाढते.

जुळवणी

दोन्ही प्रोजेक्टर एकावर एक ठेवायचे, शेजारी-शेजारी नाही. शेजारी ठेवले तर दोघांची चित्रं विरुद्ध बाजूंना तिरपी होतात आणि कोपऱ्यांत एक चित्र वर, दुसरं खाली जातं. आडव्या फरकाची डोळ्यांना सवय असते, खोली त्यातूनच कळते. उभा फरक डोळ्यांना सोसवत नाही. डोकेदुखीचं पहिलं कारण बहुतेक वेळा तेच असतं. रॅक वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी अँगलचा करून घ्या, प्रत्येक प्रोजेक्टरखाली तीन स्क्रू असलेली पाटी द्या आणि गंज लागू नये म्हणून रेडऑक्साइड मारा. लाकडी रॅक जुलैत एका मापाचा आणि जानेवारीत दुसऱ्या मापाचा असतो.

आधी प्रोजेक्टर अर्धा तास चालू ठेवा. तापताना लेन्स आणि आतले भाग किंचित सरकतात, थंड असताना केलेली जुळवणी टिकत नाही. मेनूमधलं डिजिटल कीस्टोन, ओव्हरस्कॅन, शार्पनेस, नॉइज रिडक्शन आणि दृश्यानुसार उजेड कमीजास्त करणारी सोय, सगळं बंद. कॉम्प्युटरचं रिझोल्यूशन प्रोजेक्टरच्या मूळ रिझोल्यूशनइतकंच ठेवा. कीस्टोनने चित्र सरळ दिसतं खरं, पण प्रत्येक पिक्सेल शेजाऱ्यांत मिसळतो आणि दोन्ही प्रोजेक्टरमध्ये तो वेगळ्या तऱ्हेने मिसळतो.

पडदा गुण्यात (काटकोनात) आहे का ते पाहा: चित्राचे दोन्ही कर्ण टेपने मोजा, सारखे आले पाहिजेत. मग डाव्या प्रोजेक्टरवर लाल रेघांची जाळी आणि उजव्यावर तीच जाळी आकाशी-हिरव्या रंगात लावा, चष्मा न घालता. रेघा एकमेकींवर बसल्या की पांढऱ्या दिसतात, सरकल्या की रंगीत. क्रम असा ठेवा: आधी एकाचं कलणं, मग झूमने आकार, मग वर-खाली, शेवटी डावं-उजवं. प्रत्येक बदलानंतर आधीचं थोडं बिघडतं, म्हणून दोन-तीन फेऱ्या माराव्याच लागतात. मध्यभागी उभा फरक एका पिक्सेलच्या आत, कोपऱ्यांत दोनच्या आत आला की थांबा. पडदा झुकवलेला असेल तर पूर्ण जुळवणी लेन्स-शिफ्टशिवाय (प्रोजेक्टर न हलवता लेन्स सरकवून चित्र हलवण्याच्या सोयीशिवाय) होत नाही. शिफ्ट नसेल तर पडदा सरळ करून प्रोजेक्टरच खाली आणा.

डावं-उजवं उलट तर झालं नाही ना, तेही बघा. डाव्या चित्रावर मोठा ‘डा’ आणि उजव्यावर ‘उ’ लिहून एकेक डोळा मिटून पाहिलं की झालं. अदलाबदल झालेलं थ्रीडीही ‘काहीतरी खोल’ दिसतं, म्हणून ती पटकन लक्षात येत नाही.

गळती मोजणं

घोस्टिंग, म्हणजे गळतीमुळे दिसणारी दुहेरी कड, डोळ्याने ‘बरं आहे’ म्हणून सोडू नका. मॅन्युअल शटर असलेला कुठलाही कॅमेरा पुरतो. खोली पूर्ण अंधारी करा. जुन्या कौलारू सभागृहात छपरातल्या काचेच्या कौलातून दुपारभर उजेड येतो, ते आधी झाका. उजव्या प्रोजेक्टरची लेन्स पुठ्ठ्याने बंद करा, डाव्यावर पूर्ण पांढरं चित्र ठेवा. कॅमेऱ्यासमोर चष्म्याची डावी काच धरून ऑटो सगळं बंद ठेवून फोटो काढा, समजा १/३० सेकंदाला. त्याहून वेगवान शटर नको, डीएलपीचं रंगचक्र मध्ये येतं. आता उजवी काच धरा आणि तितकाच उजळ फोटो येईपर्यंत शटर वाढवत जा. तो २ सेकंदांना आला, तर प्रमाण ६० ला १, म्हणजे गळती १.७ टक्के. अर्ध्या सेकंदातच आला तर १५ ला १, म्हणजे जवळपास ७ टक्के. मग दुसऱ्या डोळ्यासाठी हेच सगळं उलट.

दोन टक्क्यांच्या आत असाल तर साध्या दृश्यांत घोस्टिंग जाणवत नाही. पाचच्या वर गेलात तर मागे जा आणि दोष शोधा. फक्त मधोमध जास्त असेल तर फिल्टर तापतोय, सगळीकडे सारखी असेल तर पडद्याचा रंग किंवा फिल्टरची बाजू, एकाच डोळ्याला जास्त असेल तर दुसऱ्या डोळ्यासाठीच्या प्रोजेक्टरचा फिल्टर फिरलेला आहे.

उजेड आणि रंग

याबाबत लोक विनाकारण घाबरतात. चांगल्या रंगाच्या मोडमध्ये प्रत्यक्ष २००० ल्युमेन देणारा प्रोजेक्टर घ्या. वरच्या २.६५ चौरस मीटर चित्रावर साधारण ७५० लक्स पडतात. फिल्टरमधून ४० टक्के, चष्म्यातून त्याचे ८५ टक्के, आणि पडद्याचा गेन (साध्या पांढऱ्या पडद्याच्या किती पट उजेड परततो ते) दीड धरला तरी डोळ्याला चौरस मीटरमागे सव्वाशेच्या आसपास कँडेला मिळतात. डिजिटल सिनेमाचं साध्या चित्राचं प्रमाण ४८ कँडेला आहे. उजेड कमी वाटला तर खिडक्या आणि त्यांचे पडदे तपासा. फार उजेड तर उलट घोस्टिंग वर आणतो.

रंगासाठी दोन्हीवर मध्यम राखाडी चित्र लावा, आळीपाळीने लेन्स झाका आणि कमी उजळ असलेल्याशी दुसरा जुळवा. दिवा बदलायचा झाला तर दोन्हीकडचे एकदम बदला.

चित्रं: कातळशिल्पाचं उदाहरण

यंत्रणा नीट बसली की उरतो मजकूर, आणि इथे कोकणातल्या माणसाने स्वतः काढलेल्या चित्रांना तोड नाही. सड्यावरची, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरची कातळशिल्पं थ्रीडीसाठी विलक्षण विषय आहेत. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीच्या प्रचंड हत्तीच्या आकारात कोरलेले लहान-मोठे प्राणी सपाट फोटोत नुसते डाग वाटतात.

दोन कॅमेऱ्यांमधलं अंतर सर्वांत जवळच्या वस्तूच्या अंतराच्या १/३० ठेवायचं, हा स्टिरिओ छायाचित्रणातला जुना नियम. समोरच्या किनाऱ्यावरून ६०० मीटरवरचा जलदुर्ग टिपायचा तर वीस मीटर बाजूला सरकून दुसरा फोटो घ्यावा लागेल, आणि जवळचं काहीही चौकटीत येऊ द्यायचं नाही. मधल्या वेळात लाटा बदलतात, मग पाणी दोन्ही डोळ्यांना वेगळं दिसून झगमगतं. एकाच क्षणी दोन कॅमेरे चालवणं हाच त्यावर उपाय, किंवा पाण्याचा भाग कापून टाकणं.

कातळशिल्पाला मात्र हा नियम जसाच्या तसा लावू नका. कॅमेरा काठीवर तीन मीटर उंच, कोरीव भाग चार सेंटिमीटर खोल, लेन्स फुल-फ्रेमची २८ मिलिमीटरची. नियमाप्रमाणे दहा सेंटिमीटर अंतर ठेवलं तर १९२० पिक्सेल रुंदीच्या चित्रात कोरीव भागाचा फरक जेमतेम ०.६५ पिक्सेल येतो. पिक्सेलच्याही आत, म्हणजे कड नीट उठत नाही. अंतर तीस सेंटिमीटर केलं की तो दोन पिक्सेल होतो, आणि चार मीटरवर बसलेल्याला खोदकाम स्पष्ट आत गेलेलं दिसतं. नियम मागे लांबवर क्षितिज असलेल्या दृश्यासाठी आहे. इथे सगळं सपाट, मागे काहीच नाही, म्हणून अंतर वाढवायला जागा आहे. यात खोदकाम प्रत्यक्षापेक्षा बरंच खोल भासतं, ते प्रेक्षकांना सांगणं मी आवश्यक समजतो.

ड्रोनने हे काम होईल असं वाटतं. होत नाही. एवढ्या बारीक खोलीचा फरक अंतराच्या वर्गाने घटतो. वीस मीटर उंचीवरून २४ मिलिमीटरच्या लेन्सने, दोन मीटर सरकून घेतलेल्या जोडीतही तोच कोरीव भाग पाव पिक्सेल भरतो. ड्रोन परिसर दाखवायला, काठी शिल्प दाखवायला.

ऊन तिरपं असताना, सकाळी लवकर किंवा उतरत्या दुपारी जा. दोन्ही फोटो काही सेकंदांत घ्या, कारण चार मिनिटांत सूर्य एक अंश सरकतो आणि दोन चित्रांतल्या सावल्या जुळत नाहीत. रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू किंवा पीठ भरू नका, शिल्पावर पाय देऊ नका.

दोन चित्रं जुळवायला स्टिरिओफोटो मेकर हे मोफत सॉफ्टवेअर उत्तम आहे. त्याची आपोआप जुळवणी उभा फरक आणि कलणं काढून टाकते. मग खोलीची मर्यादा तपासा. मोठ्या माणसाच्या बाहुल्यांमधलं अंतर सरासरी ६३ मिलिमीटर, मुलांचं त्याहून कमी. पडद्यावर सर्वांत दूरच्या वस्तूच्या दोन प्रतिमांमध्ये याहून जास्त अंतर पडलं तर डोळ्यांना बाहेरच्या बाजूला वळावं लागतं, आणि ते त्यांना जमत नाही. आपल्या पडद्यावर एक पिक्सेल १.१३ मिलिमीटरचा. शाळेसाठी ५० मिलिमीटर, म्हणजे ४४ पिक्सेल ही कमाल धरा. हा हिशेब पडद्याच्या रुंदीवर अवलंबून आहे. लॅपटॉपवर छान दिसणारी जोडी इथे डोळे फाडू शकते, म्हणून शेवटचा निर्णय याच पडद्यासमोर बसून घ्या.

घोस्टिंग कमी करण्याचा शेवटचा उपाय चित्र निवडतानाच हाती असतो. काळ्या खडकावर फुटणारी पांढरी लाट, अंधाऱ्या दरवाजातून दिसणारं आभाळ, असा तीव्र फरक जिथे असेल तो भाग पडद्याच्या पातळीवर आणा. तिथे दोन्ही प्रतिमा एकमेकींवर पडतात, त्यामुळे गळती लपते. जांभा दगड मध्यम उजळ असल्याने कातळशिल्पांत ही अडचण जवळजवळ येत नाही.

खारा वारा आणि पावसाळा

समुद्राजवळ लेन्सवर मिठाचा पातळ थर बसतो. तो प्रकाश विखुरतो आणि काळा रंग राखाडी करतो. मीठ अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळत नाही, म्हणून नुसत्या लेन्स-क्लीनरने पुसलं तर थर फक्त पसरतो. आधी ब्लोअरने वाळूचे कण उडवा, काचेवर ओरखडे तेच पाडतात. मग डिस्टिल्ड वॉटरने ओलसर केलेल्या मायक्रोफायबरने पुसा, आणि क्लीनर शेवटी. पडद्याला हात लावू नका, पुसू नका. वापरात नसेल तेव्हा सुती चादरीने झाका.

जून ते सप्टेंबर सगळं सादळतं. फिल्टर, चष्मे आणि सुट्या लेन्स रबराची कड असलेल्या हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोट्या आर्द्रतामापकासह ठेवा. आर्द्रता ४० ते ५० टक्के राहिली की बुरशी येत नाही. निळं जेल गुलाबी झालं की १२० अंशांच्या ओव्हनमध्ये पुन्हा निळं होईपर्यंत वाळवा. पोलरायझर फिल्म दमट उष्णतेने खराब होते: रंग उडतो, कडेने थर सुटतात, कधी व्हिनेगरसारखा वास येतो. असा फिल्टर बदलायचाच, आणि त्याला चांगल्या मालापासून वेगळं ठेवायचं.

प्रोजेक्टर पावसाळ्यात आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवा. एसी खोलीतून दमट सभागृहात आणले तर पिशवीतच अर्धा तास राहू द्या, नाहीतर लेन्सवर आतूनही बाष्प धरतं. दोन्ही प्रोजेक्टर एकाच यूपीएसवर असावेत. वीज गेल्यावर दिवा थंड करणारा पंखा बंद पडू नये एवढ्यासाठी दहा मिनिटांचा बॅकअप पुरे.

चष्मे प्रत्येक खेळानंतर कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवा. गरम पाणी आणि सॅनिटायझर दोन्ही फिल्म खराब करतात. चरे पडलेले चष्मे बाजूला काढा, आणि खेळाआधी दारात कुणीतरी प्रत्येकाच्या नाकावर चष्मा सरळ बसलाय ना ते पाहू द्या.